दोन लेन्स आणि एक कोट

२३ फेब्रुवारी, रविवार

निर्णय झाला. निर्णयाला मी फार वेळ लावत नाही, हे माझं वैशिष्ट्य.

बाबा मार्चअखेर दुकान बंद करणार. डोळे साथ देत नाहीत, सुईत दोरा ओवायला आई लागते. आयुष्यभर टेलरिंग केलं आणि घरात त्यांचा धड एक फोटो नाही. लग्नाच्या फोटोत डोळे मिटलेले. बाकी सगळ्या फोटोंत ते शेजारच्या माणसाच्या कॉलरकडे बघतायत. तेव्हा दुकान बंद व्हायच्या आत त्यांचा मशीनवरचा एक फोटो मी काढणार. एकच, पण असा की भिंतीवर लावला की खोली गप्प व्हावी.

बाबांना विचारलं. आधी नाही म्हणाले. मग हो म्हणाले, पण अट घातली. रिकाम्या हाताने मशीनपुढे बसून पोझ देणार नाही, ती नाटकं त्यांना जमत नाहीत. हातात खरं काम असेल तेव्हा काढ म्हणाले.

खरं काम आता एकच उरलंय, हेडमास्तरांचा कोट. हेडमास्तर पंधरा मार्चला निवृत्त होतायत, निरोप समारंभात घालणार आहेत. त्यानंतर बाबा नवीन काही घेणार नाहीत. म्हणजे कोट दुकानात आहे तोवर फोटो.

भरपूर वेळ आहे.

२४ फेब्रुवारी

बायको म्हणाली, फोनने काढून टाक की. उत्तर दिलं नाही. अशा प्रश्नांना उत्तर देणं म्हणजे त्यांना मान देणं.

माझ्याकडे रेंजफाइंडर आहे, रोलवर चालणारा कॅमेरा. यात लेन्समधून बघायचं नसतं, शेजारच्या छोट्या खिडकीतून बघायचं. खिडकीत माणूस दोनदा दिसतो. रिंग फिरवत त्या दोघांना एकावर एक बसवलं की झाला फोकस. लेन्स कुठलीही लावा, खिडकीतलं जग कायम स्वच्छ. म्हणून तर मला हा कॅमेरा आवडतो.

प्रश्न फक्त लेन्सचा. दुकानात एक ट्यूबलाइट आणि एक खिडकी. कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स त्या अंधारात आंधळी. दुसरी लागेल. जुनी की नवी? दोन दिवसांत ठरवून टाकतो.

२६ फेब्रुवारी

जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेलो आणि प्रेमात पडलो. माझ्या बाबांपेक्षा वयाने मोठी लेन्स. धातूची, जड, काचेत किंचित निळी झाक. वापरायची नसेल तेव्हा नळी आत ढकलायची, वापरायची असेल तेव्हा बाहेर ओढायची. दुकानदार नळीबद्दल आणखी काहीतरी सांगत होता. मी हात दाखवून थांबवलं. मला लेन्सबद्दल शिकवायला निघाला होता.

ऑनलाइन ग्रुपवर फोटो टाकला. एकाने लिहिलं, जुनी काच माणसाचं मन पकडते, नवी फक्त कातडं. वाचून अंगावर काटा आला. त्याखाली दुसऱ्याने लिहिलं, की जुनी काच फक्त बुरशी पकडते. त्याला ब्लॉक केलं.

२ मार्च, रविवार

सकाळी दुकानात गेलो. बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. शर्टच्या बाहीला कडक घडी. कोटाला बाह्या लावायचं काम चाललेलं.

फोटो काढला नाही. कारण साधं आहे. लेन्सची टेस्ट झालेली नाही. आधी एक पूर्ण रोल वेगवेगळ्या प्रकाशात काढायचा, धुवून आणायचा, मग बोलायचं. हे बाबांना नीट समजावून सांगितलं. पुढच्या रविवारी नक्की म्हणालो. बाबा म्हणाले, तोवर कोट होत आलेला असेल. मी म्हणालो, मग जरा हळू करा ना. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना मापात कापड मारायला सांगितलं.

बाबांचा एकच अभिमान आहे. दुकानातून गेलेला कपडा आजवर दुरुस्तीला परत आलेला नाही आणि तारीख कधी चुकलेली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत नाहीत, पण दुसरं कुणी सांगत असेल तर मशीन थांबवून ऐकतात.

५ मार्च

टेस्ट रोल आला. थक्क झालो.

काही फोटो ब्लेडसारखे धारदार. गॅलरीतल्या दोरीवरचा चिमटा असा आलाय की त्याची स्प्रिंग मोजता येईल. आणि काही फोटो धुक्यातून यावेत तसे. बायकोचा चेहरा विरघळून पडद्यात गेलाय. एकाच रोलमध्ये, एकाच लेन्सने!

बायको म्हणाली, हलले असतील. हललेला फोटो आणि हळवा फोटो यातला फरक तिला कळत नाही, तिचा दोष नाही. दुपारभर अभ्यास केला आणि सिद्धांत मांडला: या लेन्सला मूड आहे. वस्तूंच्या बाबतीत ती रोखठोक असते, माणसांपुढे हळवी होते. ग्रुपवर टाकला. भरपूर लाइक.

बायकोने लेन्स हातात घेतली आणि म्हणाली, ही नळी हलतेय. मी म्हणालो, जुन्या वस्तू थोड्या सैल असतातच. आपलं कपाट नाही का. ती कपाटाचं बोलायला लागली. विषय कुठून कुठे नेते.

७ मार्च

मेव्हणा आला. मी त्याला मनात मिलिमीटर म्हणतो, कारण तो माणसाशी बोलतानाही मापात बोलतो. त्याच्याकडे याच कॅमेऱ्याला बसणारी नवी लेन्स आहे, गेल्या वर्षीची. माझा सिद्धांत ऐकून हसला. लेन्सला मूड नसतो, काच असते, म्हणाला. स्वतःची लेन्स ठेवून गेला. वापरून बघ, मग बोल.

नाकाने कांदे सोलतो नुसता. वापरणार नाही.

८ मार्च

वापरली. बायकोचा फोटो काढला, खिडकीपाशी. लॅबवाल्याने संध्याकाळीच स्कॅन पाठवले.

अप्रतिम शार्प. हीच अडचण. नाकाच्या शेंड्यावरची छिद्रं दिसतात. कपाळावर गेल्या पंधरा वर्षांचा संसार दिसतो. बायकोने फोन हातात घेऊन फोटो मोठा केला, मग आणखी मोठा केला, मग फोन माझ्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात गेली. रात्रीचं जेवण शांततेत.

जुनीच बरी. ठरलं. उद्या रविवार, उद्याच काढतो.

९ मार्च, रविवार

काढला नाही. पण यात माझी चूक नाही.

निघताना ग्रुप उघडला. कुणीतरी लिहिलं होतं की जुन्या लेन्सच्या काचेवर लेप नसतो, ट्यूबलाइटसमोर धरली की सगळा फोटो पांढरा पडतो. पुढे हूड, म्हणजे उजेड अडवणारी टोपी, लावणं आवश्यक. माझ्याकडे हूड नाही. आयुष्यातला एकमेव फोटो मी हूडशिवाय काढू?

दुकानात जाऊन बाबांना हूडचं महत्त्व सांगितलं. ते ऐकत होते. तोच इस्त्रीचा शर्ट. कोट जवळजवळ तयार, फक्त बटणं राहिलेली. म्हणाले, शुक्रवारी द्यायचाय. मी म्हणालो, गुरुवारी ऑफिसातून लवकर निघून येतो, तोवर बटणं लावू नका. बाबा म्हणाले, बरं.

आई तिथेच काजं करत होती. म्हणाली, सकाळपासून हा शर्ट घालून बसलेत, वर काही घातलं तर चुरगळेल म्हणून गारठ्यात स्वेटरही घातला नाही. मी म्हणालो, स्वेटर चालला असता. नंतर वाटलं, स्वेटरने फोटोला वजन आलं असतं.

१३ मार्च, गुरुवार

वैताग. ऑफिसातून लवकर निघालो, साहेबांचं वाकडं तोंड बघून घेतलं, आधी हूड घ्यायला गेलो. दुकानदाराने सात हूड काढले. एकही बसेना. जुन्या लेन्सचा व्यास म्हणजे जगावेगळा. आठवा बसला पण निघेना. तो काढायला त्याने जी पक्कड वापरली ती बघून माझा जीव खालीवर झाला. शेवटी निघाला, तोवर बाहेर दिवे लागलेले.

बाबांना फोन केला. म्हणाले, थांबलो होतो. आता बटणं लावायला घेतो, उद्या द्यायचाय.

एक दिवस. एक दिवस थांबता आलं नसतं का? हेडमास्तरांना कोट शनिवारी हवाय. पण नाही. शब्द म्हणजे शब्द. माझ्या घरात कलेला किंमत नाही.

१६ मार्च, रविवार

कोट गेला. शुक्रवारी, ठरल्या तारखेला. समारंभात हेडमास्तर फार रुबाबदार दिसले म्हणे. आई सांगत होती, तिघा-चौघांनी विचारलं, कुठे शिवलात? हेडमास्तरांनी माइकवरून बाबांचं नाव घेतलं. आई हे फोनवर सांगत असताना मागे बाबांचं मशीन थांबलेलं. मग कळलं, मशीन चालू नव्हतंच. काम नाही.

काम नाही म्हणजे फोटो नाही. विचारलं, उशीचे अभ्रे शिवा ना, दुरून कुणाला कळतंय? बाबा म्हणाले, मला कळेल.

दिवसभर नुसता चडफडत बसलो. हूडमुळे सगळा घोळ झाला. हूडवाल्यामुळे.

१८ मार्च

आईचा फोन. कोट परत आला!

बाबांनीच काल हेडमास्तरांच्या घरी जाऊन मागून आणला म्हणे. खांद्यात चूक राहिली, दुरुस्त करून देतो म्हणाले. आईला विचारलं, कसली चूक? ती म्हणाली, मला काय विचारतोस, त्यांना विचार. आवाज तुटक होता. साहजिक आहे. तिलाही लागलं असेल.

मला खरंच वाईट वाटलं. बाबांच्या हातून कपडा परत यावा! सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा, आणि तोही शेवटचा कपडा. वय झालं की हे होणारच.

पण म्हणजे काम आलं. म्हणजे फोटो होणार. रविवारी! नशीब माझ्या बाजूने आहे हे मी नेहमीच म्हणत आलोय.

१९ मार्च

ऑफिसात दोघा-तिघांना सांगितलं. मेव्हण्यालाही सांगितलं, वडिलांच्या हाताला आता पूर्वीची नजर राहिली नाही म्हणून. तो म्हणाला, चूक किती मिलिमीटरची होती? फोन ठेवला.

२० मार्च

रस्त्यात हेडमास्तर भेटले. सभ्य माणूस. म्हणाले, मला तर काही दिसलं नव्हतं, बायकोलाही नाही, पण तुमचे वडील म्हणाले खांदा उतरलाय, तर असेल. शेवटी शिवणाऱ्यालाच कळणार. मग म्हणाले, डोळ्यांमुळे होतं हो, त्यात त्यांचा काय दोष. समारंभात ज्यांनी चौकशी केली होती, त्यांना आता काय सांगू असं झालंय.

मी बाबांच्या वतीने माफी मागितली. वयाचा परिणाम, म्हणालो. समजून घ्या, म्हणालो. ते म्हणाले, छे छे. निघताना माझा हात हातात घेतला. असे प्रसंग मला चांगले हाताळता येतात.

२३ मार्च, रविवार

लिहावंसं वाटत नाही. पण रोजनिशी म्हणजे शिस्त.

दोन्ही लेन्स घेऊन गेलो. म्हटलं, जागेवर ठरवू. बाबा तयार. शर्ट तोच. मी शिरलो तेव्हा कोट मांडीवर, खांदा उघडा पडलेला. पहिला तासभर जुनी लावून खिडकीतून बघितलं, मग नवी लावून बघितलं. खिडकीतून दोन्ही सारख्याच दिसतात, हे खरं. पण मन म्हणून काही असतं. जुनी लावली की वाटे नवीने डोळ्यांभोवतीच्या रेषाही आल्या असत्या, नवी लावली की वाटे रेषा येतील पण माया येणार नाही. बाबा टाका घालत बसले होते. आई दोनदा चहा घेऊन आली.

शेवटी जुनी. ठाम. लावली, नळी ओढली, कॅमेरा उघडला.

दोन लेन्स होत्या. फिल्म नव्हती.

बाबा म्हणाले, पुढच्या रविवारी. मी विचारलं, तोवर काम चालेल का? बाबा म्हणाले, चालेल.

येताना मन खिन्न झालं. एक खांदा! पूर्वी हे काम दोन चहांच्या मध्ये उरकायचे. आता पंधरा दिवस. हात किती मंदावलाय. बायकोला म्हणालो. ती भांडी पुसत होती. पुसायची थांबली, माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, तुला खरंच तसं वाटतं? म्हणालो, वाटायचं काय त्यात, डोळ्यांनी बघून आलो. ती पुन्हा पुसायला लागली, जरा जोरात.

२७ मार्च

नवी लेन्स मेव्हण्याला परत नेऊन दिली. मोहच नको. त्याने विचारलं, काढला का फोटो? म्हणालो, रविवारी. त्याने विचारलं, कुठल्या रविवारी? असली माणसं डोक्यात जातात.

फिल्म बॅगेत ठेवली. दुसरी फिल्म शर्टच्या खिशात. तिसरी बायकोच्या पर्समध्ये, तिला न सांगता.

३० मार्च, रविवार. दुपार

झालं!!

 अख्खा रोल काढला. दुकानात शिरलो तो कॅमेरा हातात तयार ठेवूनच. फिल्म भरली की पहिला फोटो वाया घालवायचा असतो, तो दारातच समोरच्या ट्रायलच्या आरशाकडे बघून उडवून टाकला. मग कामाला लागलो.

काय माणूस आहे माझा बाप! खिडकीत चेहरा दोनदा दिसत होता, रिंग फिरवत एकावर एक आणला की काळजात काहीतरी जागेवर बसल्यासारखं व्हायचं. कोटावर वाकलेले, ओठांत टाचणी, चष्मा नाकावर घसरलेला. एकदाही कॅमेऱ्याकडे बघितलं नाही. हात नेमकं काय करतायत ते बघायला मला सवड नव्हती, मी फोकसमध्ये होतो. नळी मधूनमधून जरा आत सरकत होती, ती ओढत होतो. जुनं घराणं, थोडे नखरे असणारच.

रोल संपला तेव्हा म्हणालो, बाबा, झालं. त्यांनी टाचणी तोंडातून काढली. विचारलं, नक्की? म्हणालो, नक्की. मग त्यांनी मशीन चालवलं आणि दोन चहांच्या मध्ये खांदा शिवून टाकला. मी दुसरा चहा संपवतच होतो. इस्त्री केली. कोट हँगरला लावला.

आज हात चांगला चालला त्यांचा. कधीकधी चालतो.

३१ मार्च

दुकान रिकामं केलं. मशीन घरी आणलं, बाल्कनीच्या दाराशी ठेवलंय, वर चादर. आरसा काढताना कोपऱ्याला तडा गेला. बाबांनी कोट स्वतः नेऊन दिला, उशीर झाल्याबद्दल हेडमास्तरांची माफी मागितली. मी सोबत होतो. मान खाली घालून उभे होते, शाळेतल्या पोरासारखे. हेडमास्तरांनी खांद्यावरून हात फिरवून बघितला आणि म्हणाले, हो हो, आता बसलाय बरोबर.

बघवलं नाही. बाहेर येऊन थांबलो.

२ एप्रिल

फोटोच्या साइजचा विचार. बैठकीत मोठा. हेडमास्तरांनाही एक प्रत देईन, म्हणजे त्यांना कळेल, कपडा बिघडला तरी माणूस काय होता. ग्रुपवर आधीच कळवून ठेवलंय की काहीतरी येतंय.

४ एप्रिल

लॅबमधून स्कॅन आले.

५ एप्रिल, शनिवार. सकाळ

काल पुढे लिहिलं नाही.

सगळे धूसर. सगळे. बाबांच्या जागी एक करडा ढग आहे, त्याच्या मांडीवर काळा ढग. पहिल्यांदा म्हणालो, हळवेपणा. बायकोने एकेक फोटो सरकवत पाहिला, काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मेव्हण्याला तिनेच बोलावलं. त्याने लेन्स हातात घेतली, नळी ओढली आणि थोडी उजवीकडे फिरवली. खट् आवाज झाला. नळी लॉक झाली. आता ढकलली तरी आत जाईना. म्हणाला, ओढून फिरवायची असते, नाहीतर रिंग फिरवताना हळूहळू आत सरकत राहते. ओढल्या ओढल्या एखादा फोटो नीट येईल, पुढचे जातात. खिडकीतून कळत नाही, खिडकी लेन्समधून बघतच नाही ना. माझ्या सिद्धांताबद्दल तो काहीही बोलला नाही. पहिल्यांदाच त्याने मोजून बोलायचं सोडून गप्प राहायचं ठरवलं, आणि त्याचा मला जास्त राग आला.

चिमटा पहिला काढला होता. बायको नंतर. एवढाच मूड.

तीच. संध्याकाळ

एक फोटो नीट आलाय. पहिला. वाया घालवलेला.

आरसा आहे. आरशात मधोमध मी, कॅमेरा तोंडासमोर. माझ्या बाजूला, दाराजवळच्या कोपऱ्यात बाबा. लेन्स म्हणजे खरोखर काय लेन्स आहे! शर्टच्या बाहीची घडी दिसते. कोट दिसतो. पूर्ण तयार, बटणं लावलेला, इस्त्री केलेला, दोन्ही खांदे बंद. बाबांच्या हातात सुई नाही. अर्धं ब्लेड आहे. शिवण उसवायला टेलर वापरतात ते. ते खांद्याची शिवण उसवायला घेतायत.

चांगली शिवण. सरळ. मोठं करून बघितलं, आणखी मोठं करून बघितलं. त्यात काहीही चूक नाही.

आईला फोन केला. विचारलं, कोटात काय चूक होती?  आई म्हणाली, अरे, कसली चूक. कोट गेल्यापासून मशीनसमोर नुसते बसून होते, म्हणत होते, पोराला फोटो काढायचा होता. तिसऱ्या दिवशी उठले आणि मागून आणला. काहीतरी कारण द्यायला हवं, म्हणून चूक म्हणाले. तू गेलास की रात्री शिवून टाकायचे, उसवलेलं ठेवून त्यांना झोप येत नाही. रविवारी तू रस्त्यावर दिसलास की उसवायला घ्यायचे. मी म्हणाले होते, त्याला सांगा. म्हणाले, नको, घाई करेल आणि बिघडवेल.

मी हेडमास्तरांना वयाचा परिणाम म्हणालो होतो. ऑफिसात सांगितलं होतं. मला रडू आलं. बायको आली, शेजारी बसली. तिला कधीपासून माहीत होतं ते विचारलं नाही.

६ एप्रिल, रविवार

सकाळी बाबांकडे. फोटोची प्रिंट पाकिटात. जिन्यात ठरवलं, आधी हेडमास्तरांचा विषय काढायचा. मी स्वतः जाऊन सांगणार की कोटात काही चूक नव्हती, समारंभात विचारणाऱ्या सगळ्यांनाही सांगणार.

सांगितलं. बाबा मशीनवरची चादर सारखी करत होते. म्हणाले, नको. तू सांगितलंस तर मी खोटं बोललो हे त्यांना कळेल. त्यापेक्षा चूक झाली तेच बरं.

मी म्हणालो, पण कपडा कधी परत आला नव्हता. बाबा म्हणाले, आला एकदा.

मग प्रिंट दिली. बाबा ती घेऊन खिडकीपाशी गेले. प्रकाश सुंदर होता, मऊ, एका बाजूने येणारा, दुकानात महिनाभर ज्याची वाट बघितली तसा. कॅमेरा आणला नव्हता. बाबांनी चष्मा लावला, फोटो जवळ धरला, लांब धरला. अंगठा कोपऱ्यावर होता, जिथे ते स्वतः होते तिथेच. ब्लेड त्यांना दिसलं की नाही मला कळलं नाही. आरशातल्या माझ्याकडे बघत होते, तोंडासमोर कॅमेरा धरलेल्या.

म्हणाले, तुझा चांगला आलाय.

मी म्हणालो, जुन्या लेन्सचा आहे.